दोन मिनिटं चाळीस सेकंद

टी. टी. नगर, भोपाळ
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. मंजूषा,

सुरुवातीला 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, मग खोडलं, आणि मग पानच बदललं. खाडाखोड केलेला कागद मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, तुझ्या कुठून देणार.

तू आईला म्हणालीस, "बाबांना काही सांगायचं असेल तर कागदावर लिहू देत. फोन नको, मेल नको, मेसेज नको." म्हणून कागद. दुकान टाकल्यापासून हाताने एवढं लिहिलेलं नाही, अक्षर बिघडलंय, पण वाचता येईल. पाकिटावरचा पत्ता आई लिहील, तो मला कळू नये ही तुझीच अट. लिहिताना ती डावा हात आडवा धरते, परीक्षेत हुशार मुली धरतात तसा. मी मान वळवून बसतो.

जाताना तू म्हणालीस की मी तुझं म्हणणं ऐकलंच नाही. ऐकलं होतं. काय ऐकलं ते लिहून दाखवतो, चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

पुण्याच्या शाळेत तू नववीच्या वर्गात शिरलीस की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात '२:४०' असं लिहिलेलं असायचं. पहिले दोन दिवस तुला वाटलं, कसल्या तरी तालमीची वेळ असेल. तू पुसून टाकलंस. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलाने मनगटावरचं घड्याळ वर धरलं आणि विचारलं, "मॅडम, स्टार्ट?" वर्ग हसला. तेव्हा तुझ्या लक्षात आलं, की हा आकडा जगात एकाच माणसाने लिहिलेला आहे.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. ८ जुलै २०११, शुक्रवार, सकाळची प्रार्थना. तुला आलेली पहिली मोठी फिट. वर्गाच्या बाई तीन मिनिटं म्हणाल्या होत्या, शिपाई दोन मिनिटं वीस सेकंद म्हणाला होता. मी दोघांची सरासरी काढून ब्लॉगवर लिहिलं. त्या नोंदीत तुझं पूर्ण नाव होतं, शाळेचं नाव होतं, तुझा फोटो होता, आणि गणवेश ओला झाला हेही होतं. मुलांनी गंमत म्हणून नेटवर मॅडमचं नाव टाकलं, पान निघालं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना माझं मराठी जड गेलं, तर त्यांनी मशीनकडून भाषांतर करून घेतलं.

तू नोकरी सोडलीस. २२ डिसेंबरला दुकानात माझ्या खुर्चीत बसलीस, तुझं नाव टाकलंस, आणि चौथ्या ओळीवर ते पान होतं. तू म्हणालीस, "बाबा, तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मी हात जोडून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, काढलं."

त्यावर मी जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

काढलं होतं. म्हणजे पहिल्या पानावरची यादी काढली होती. यादी गेली की कुणी आत जाणार नाही असं मी धरलं. नोंदी तशाच ठेवल्या. दोनशे चौदा नोंदी होत्या मंजू. २०११ साली मराठीत या आजारावर धड एक पान सापडत नव्हतं. डॉक्टर तीन वाक्यांत बोळवण करायचे. मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झालेला माणूस. जे शिकलो ते मॅन्युअल वाचून आणि मशीन उघडून शिकलो, आणि तसंच तुझं दुखणंही शिकलो. डोस, वेळ, झोपेचे तास, फिटची तारीख. एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. अमरावतीच्या सुमन नावाच्या बाईंनी खाली लिहिलं होतं, "भाऊ, तुमच्यामुळे कळलं की फिट आल्यावर तोंडात चमचा घालायचा नसतो." हेही खरंच आहे ना?

असो. तू आईला सांगितलंस की नव्या शाळेत सध्या तात्पुरती लागली आहेस, नवं सत्र १६ जूनला सुरू होतं, तेव्हा परत नववीचा वर्ग मिळेल, आणि त्याच्या आत हे सगळं जायला हवं. "नववीची मुलं पहिल्याच दिवशी नाव टाकून बघतात. पुन्हा तेच झालं तर मी शिकवणं सोडून देईन." हे वाक्य आईने मला दोनदा सांगितलं.

१६ जून. पाच महिने चार दिवस. माझ्यासारख्याला हे आठवड्याचं काम आहे.

— बाबा


रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मंजूषा,

आठवड्याचं काम नाही. ते वाक्य मागे घेतो.

ब्लॉग १९ जानेवारीला पुसला. आधी एकेक नोंद, मग फोटो, मग अख्खं खातं. आई शेजारी स्टूल घेऊन बसली होती. तिला यातलं कळत नाही, पण ती म्हणाली, "मला दिसू दे. मागच्या वेळेलाही तुम्ही एकटेच बसला होता."

पुसायच्या आधी प्रत्येक नोंद वाचली. इतकी वर्षं मी त्या तपासल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. नोंद क्रमांक छत्तीस, ८ जुलै, वाचत होतो तेव्हा आईला विचारलं, "त्या दिवशी मी शाळेत जाऊन बाईंना, शिपायाला भेटलो, ते संध्याकाळी की दुपारी?"

"दुपारी," ती म्हणाली. "ही माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. दर पाच मिनिटांनी विचारायची, बाबा कुठे आहेत. मी सांगितलं, औषध आणायला गेलेत."

हे मला माहीत नव्हतं. नोंदीत नाही.

आता कामाचं. ब्लॉग गेला, पण तुझं नाव टाकलं की त्याचा मथळा आणखी नऊ दिवस दिसत होता. दाबलं तर रिकामं पान. तो विझला तसं त्याच्या मागचं दिसायला लागलं. पुढचं झाड तोडल्यावर मागचं घर दिसावं तसं. एक तर आपल्या समाजाची २०१४ ची स्मरणिका. तिच्यात माझा लेख आहे, 'एका बापाची नोंदवही', तुझ्या फोटोसकट. समाजाच्या साइटवर ती अख्खी चढवलेली आहे. चढवणारा मीच. शिवाय एक हिंदी आरोग्याची साइट आहे, तिने माझ्या सात नोंदी न विचारता उचलून हिंदीत घातल्यात. नाव तसंच, मजकूर तिखटमीठ लावून. मथळा आहे, 'मिरगी की मरीज़ मंजूषा की दर्दभरी दास्तान'. मी कुठेच 'दर्दभरी' लिहिलं नव्हतं. मी रक्तातलं औषधाचं प्रमाण लिहिलं होतं.

दुकानात दिवसभर माझं काय चालतं तुला ठाऊक आहे. फॉर्म भरून देणं, स्कॅनिंग, आधारच्या दुरुस्त्या. परवा साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलातली एक नर्स आली. मुलीच्या शाळेच्या फॉर्मचे फोटो तिने पालकांच्या ग्रुपवर टाकले होते, जन्मतारीख, पत्ता, रक्तगट, सगळं. मी नेहमीच्या सवयीने भाषण सुरू केलं, "बहनजी, एक बार डाल दिया तो आपका नहीं रहा. फिर वो सबका है." ती ऐकून म्हणाली, "भैया, आप तो बड़े समझदार हैं. आपके बच्चे तो बड़े सेफ होंगे."

मी तिला पावती दिली.

— बाबा


रविवार, ९ मार्च २०२५

चि. मंजूषा,

स्मरणिकेचं झालं. कसं झालं ते सांगतो, कारण आई तुला अर्धंच सांगेल आणि त्यात हसेल.

साइट मी बांधली होती, पण २०१८ मध्ये मधुकररावांशी माझं वाजलं. वधू-वर सूचीत त्यांनी माझ्या माघारी गोत्रांचे रकाने बदलले होते, आणि मी सगळ्यांसमोर "सचिवांना रकाना आणि रांग यांतला फरक कळत नाही" असं म्हणालो. तेव्हापासून साइटची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्यांच्याकडे. आता त्यांच्याच दारात उभा राहिलो.

"या या, पांढरीपांडे साहेब! सात वर्षांनी रस्ता सापडला?"

मी काम सांगितलं. ते हसायलाच लागले. "अरे नरहर, काय बात करतोस? त्याच लेखाला तर शाल-श्रीफळ दिलं होतं तुला! स्टेजवर तू एवढा फुगला होतास की शालीची पिनच बसेना. आता म्हणतोस काढा. छोड ना यार, ते जुनं कोण वाचतो?"

"नववीची मुलं वाचतात," मी म्हटलं.

मग काय झालं ते सांगितलं. फळा, घड्याळ, सगळं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. मधुकरराव म्हणाले, "पोरगी माझ्या नातीबरोबर गणपतीत नाचायची." आणि मग, "पण कार्यकारिणीत ठेवावं लागेल. तिथे तुझ्यावर खार खाऊन बसलेत लोक. तू दोन ओळी माफीच्या लिहून दे, मग कुणी तोंड उघडणार नाही."

दिल्या. तिथेच, त्यांच्या डायनिंग टेबलवर, त्यांच्याच पेनने. माफीत चूक काढायला जागा ठेवली नाही. २ मार्चला बैठक झाली, ४ तारखेला स्मरणिकेतून लेख काढला. आता पान ४१ नंतर एकदम ४४ येतं. मधुकररावांना ते क्रमांकही जुळवायचे होते. मी म्हटलं, राहू द्या. काहीतरी काढलंय हे निदान दिसू दे.

त्यांनी जिन्यापर्यंत येऊन विचारलं, "बोलते का तुझ्याशी?" मी म्हटलं, "आईशी बोलते." तर म्हणाले, "मग आहे घरात. माझा तर अमेरिकेत आहे, व्हिडिओवर रोज दिसतो, पण बोलत काही नाही."

हिंदी साइटवाल्यांचं मात्र अडलंय. चार मेल पाठवले, अस्सल हिंदीत, कलमं लावून. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं: "क्या आप स्वयं मंजूषा हैं?" मी लिहिलं, मी वडील आहे, मूळ लेखक आहे. उत्तर आलं: "जिनकी जानकारी है, वे वयस्क हैं. आवेदन वही करें."

मी तीनदा वाचलं. माहिती जिची ती सज्ञान आहे, तर अर्ज तिनेच करायचा. लिहिलं मी, चढवलं मी, आणि काढायला मागितलं तर मी कुणीच नाही. राग आला. आईला म्हटलं, "हे काय नियम झाले? बाप आहे मी!" ती वांगी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "चढवताना हाच नियम असता तर बरं झालं असतं."

तर हा अर्ज तुलाच करावा लागेल. त्यासाठी ती पानं उघडावी लागतील का, कोणती माहिती द्यावी लागते, ते नीट शोधून पुढच्या पत्रात कळवतो. तोपर्यंत तू हात लावू नकोस. चुकीचा अर्ज गेला की पुन्हा सुरुवात.

तब्येतीला जप. झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नकोस, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चष्म्याला जाड फ्रेम घेतलीस ते बरं केलंस, वसतिगृहाच्या धावपळीत बारीक टिकत नाही.

— बाबा


रविवार, १३ एप्रिल २०२५

मंजूषा,

गेल्या रविवारी नेहमीप्रमाणे आई वरच्या लीलावतीकाकूंकडे तुझा फोन घ्यायला गेली. आईच्या फोनवर तू करत नाहीस, "त्यात बाबांनी काय काय बसवून ठेवलंय कुणास ठाऊक" म्हणून. (काही बसवलेलं नाही. पण तुला तसं वाटावं याला कारण आहे, हे मान्य.) नेहमी ती पाऊण तासाने खाली येते. त्या दिवशी सहा मिनिटांत आली. दारातच उभी राहिली.

"अहो, तिने चष्मा लावलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "तूच म्हणाली असशील."

"मला माहीत नव्हतं. तिनेच विचारलं मला, आई, तू सांगितलंस का? मी म्हटलं, कसला चष्मा? मग म्हणाली, बाबांना सांग, आता पत्रंही नकोत."

तरी हे लिहितोय. आई म्हणाली, "ती म्हणाली ते मी ऐकलं. पण हे एक पत्र तिला जाऊ दे, कारण ते तिच्या कामाचं आहे. मात्र पाकीट मी बंद करणार, आणि आधी मी वाचणार." ती वाचत असेल तर वाचू दे.

मला तुझी शाळा माहीत आहे. गावही माहीत आहे. ३ फेब्रुवारीपासून. पत्ता लिहिताना मी मान वळवून बसायचो ते खरं आहे, पण फेब्रुवारीपासून ते नाटक होतं.

कसं सापडलं ते सगळं सांगतो. मला जमलं म्हणजे नववीच्या मुलांनाही जमेल, म्हणून.

तुझ्या नावाने काही सापडलं नाही, तू सगळं बंद केलं आहेस. पण तुझी बी. एड.ची मैत्रीण अमृता, तिचं पान सगळ्यांना उघडं आहे. तिने ५ जानेवारीला तीन फोटो टाकले, खाली लिहिलं, 'मंजूला सोडून आलो, मिस यू.' तिसऱ्या फोटोत एक फाटक आहे आणि वर पाटी, अर्धी झाडाआड. दिसत होती तेवढी अक्षरं आणि 'निवासी' हा शब्द एवढ्यावरून मी शाळांच्या याद्या चाळल्या. तीन दिवस लागले. त्या शाळेच्या पानावर २६ जानेवारीच्या झेंडावंदनाचा अल्बम आहे. सतरावा फोटो. तिसरी रांग, डावीकडून दुसरी. पांढरी साडी, राखाडी स्वेटर, चष्मा.

खाली कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. नसलं तरी चालतं.

रोज दुकान उघडायच्या आधी मी तो फोटो बघत होतो. ३ फेब्रुवारी ते ६ एप्रिल, त्रेसष्ट दिवस. एकही दिवस चुकला नाही. मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन चौकोन होतात, म्हणून लहानच ठेवायचो. तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस, झेंड्याकडेही नाही. शेजारच्या मुलीला काहीतरी सांगते आहेस. काय ते ओळखायचा मी प्रयत्न करायचो.

त्या दिवशी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला दाखवा." मी दाखवला. ती चष्मा लावून वाकली. म्हणाली, "बारीक झालीय." आणि लगेच, "बंद करा. तिला न विचारता बघायचं नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही."

मी बंद केला. तेव्हापासून उघडलेला नाही.

तर करायचं ते असं. अमृताला सांग, तिसरा फोटो काढायला आणि पान फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवायला. शाळेला सांग, सतरावा फोटो काढायला. नोकरीवर असलेल्या माणसाने आपला फोटो नको म्हणणं यात गैर काही नाही, मुख्याध्यापक विचारतील तर एवढंच सांगायचं. अर्जाचा मसुदा मी तयार केला होता, दीड पानी, मुद्देसूद. फाडला. तू तुझ्या शब्दांत लिही, दोन ओळीही पुरतात.

हिंदी साइटचं वेगळ्या कागदावर आहे. सात पत्ते, नुसते पत्ते, त्या पानांवर काय आहे ते लिहिलेलं नाही. तुला एकही पान उघडावं लागणार नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. पत्ते अर्जात उतरवायचे, ओळखपत्राची प्रत जोडायची, आणि ओळखपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख सोडून बाकी मजकूर झाकायचा. त्यांना तेवढंच लागतं. जास्त देऊ नकोस. कुणालाच जास्त देऊ नकोस.

सोबत एक पेन ड्राइव्ह आहे. ब्लॉग पुसायच्या आधी मी सगळ्या नोंदी त्यात उतरवल्या होत्या. १९ जानेवारीला आई शेजारी बसली होती, तिलाही कळलं नाही. उघडला नाही असं म्हणणार नाही, दोनदा उघडला. दुसरी प्रत नाही. हे यावेळी खरं आहे, आणि तू विश्वास ठेवावास असं माझ्याकडे काही नाही, हेही खरं आहे. ठेव, फोड, तलावात टाक. मधे एकदा माझ्या मनात आलं होतं की तुझं नाव काढून, नुसतं 'म' लिहून, त्या नोंदी पुन्हा चढवाव्यात. अमरावतीच्या बाईंसारख्या किती जणी असतील. अर्ध्या तासाचं काम. मग लक्षात आलं की हेही मी तुला न विचारताच ठरवत होतो. त्या बाईंना चमच्याचं मी माझ्या नावावर सांगू शकलो असतो. त्यासाठी तुझा गणवेश लागत नव्हता.

तो ओला गणवेश तुझा होता मंजू. मी तो अचूक लिहिला. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस आणि मला विचारत होतीस.

एक परवानगी मागायची आहे. १६ जूनला, सत्र सुरू होईल त्या दिवशी, मी एकदाच तुझं नाव टाकून बघेन आणि तो अल्बम बघेन. काम पुरं झालं की नाही ते तपासायला, आणखी कशासाठी नाही. त्याआधी नाही, नंतर नाही. चालणार नसेल तर आईला तसं सांग, मग तेही करणार नाही.

— नरहर पांढरीपांडे
(बाबा)


सोमवार, १६ जून २०२५
सकाळी साडेदहा

मंजूषा,

पत्र नको म्हणाली आहेस. म्हणून हे पाठवत नाही, लिहून आईकडे देतो. तू मागितलंस तर ती पाठवेल. नाही मागितलंस तर तिच्या कपाटात राहील. काम सांगितलं होतं, ते झालं का याचा अहवाल द्यायला हवा, एवढ्यासाठी लिहितोय.

मागच्या नऊ रविवारी आई वर गेली आणि पाऊण पाऊण तासाने खाली आली. माझ्याबद्दल काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "१६ तारखेचं मी तिला विचारलं. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही." मी तीन दिवस विचार केला आणि याचा अर्थ चालेल असा घेतला. चुकीचा असेल तर ती चूक माझी.

आज सव्वानऊला दुकान उघडलं. शटर अर्धंच वर घेतलं. आईही आली होती, आज कधी नव्हे ती स्वतःहून. चौकातल्या भाजीवालीशी बोलत बाहेरच थांबली, आत आली नाही.

तुझं नाव टाकलं. पूर्ण नाव, मग नुसतं नाव आणि आडनाव, मग इंग्रजीत तीन प्रकारे, मग नाव आणि भोपाळ, नाव आणि शाळा. दहा पानांपर्यंत गेलो. ब्लॉग नाही. स्मरणिका नाही. हिंदी साइटची सातही पानं गेलीत. ती तुझ्याच अर्जाने जाऊ शकत होती, म्हणजे तू अर्ज केलास. नागपूरला तुझ्याच नावाच्या एक बाई आहेत, शिवणकामाचे क्लास घेतात, त्या येतात. बाकी काही नाही. नववीच्या मुलांनी आज नाव टाकलं तर त्यांना शिवणकाम मिळेल.

अमृताचं पान बंद आहे.

मग शाळेचा अल्बम उघडला. खरं सांगतो, हात थांबला होता. तो फोटो असेल तर काम अपुरं राहिलं, आणि तू मला दिसशील. नसेल तर काम पुरं झालं. माझ्या मनात कोणतं जास्त होतं ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

सोळाव्या फोटोनंतर अठरावा येतो. मधला नाही.

म्हणजे एप्रिलचं पत्र तू वाचलंस. नुसतं उघडलं नाहीस, पाचव्या पानापर्यंत वाचलंस, कारण सतरा हा आकडा तिथे होता. वाचून उठलीस, मुख्याध्यापकांकडे गेलीस आणि तुझ्या शब्दांत सांगितलंस.

मी मशीन बंद केलं. वायरही काढली, गरज नव्हती तरी. शटर पूर्ण वर घेतलं तेव्हा आई पायरीवर उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी.

"बघितलंत?"

"हो."

"दिसली का कुठे?"

"नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही."

तिने जुडीवरचं पाणी झटकलं. मग म्हणाली, "छान झालं हो," आणि पदर डोळ्यांना लावून घराकडे चालायला लागली.

— बाबा